बालविकासाचे टप्पे

अर्भकाने मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, आधाराशिवाय बसणे, रांगणे, उभे राहणे, पहिले पाऊल टाकणे, पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारणे ह्यांसारख्या, सहज ओळखता येणाऱ्या व बहुतेक बालकांत साधारणपणे ठराविक क्रमाने प्रकट होणाऱ्या क्षमतांना विकासाचे टप्पे म्हणतात. वजन, उंची व डोक्याचा घेर ह्यांची वाढ तराजूने वा फितीने मोजता येते. विकास तसा मोजता येत नाही. मुलाला काय येऊ लागले व केव्हा येऊ लागले, ह्यांवरूनच त्याचा अंदाज बांधावा लागतो. पाश्चात्त्य वाङ्‌मयात ह्या टप्प्यांना मैलाच्या दगडाची उपमा देण्यात आली. ती सोयीची असली, तरी काहीशी फसवी आहे. रस्त्यावरील दगड सर्व प्रवाशांसाठी एकाच जागी रोवलेला असतो. बालविकासाच्या तक्त्यातील वय मात्र काही विशिष्ट मुलांच्या निरीक्षणावरून काढलेले असते. ती मुले कोणती होती आणि काढलेले वय सरासरी समजावयाचे की मर्यादा, हे दोन प्रश्न ह्या विषयाच्या साऱ्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात. त्यांच्या उत्तरांवर पुष्कळ काही अवलंबून असते. सरासरीलाच मर्यादा मानणाऱ्या घरात निरोगी मुलाविषयी विनाकारण धास्ती निर्माण होते. उलट, ‘प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढते’ ह्या समजुतीवर विसंबल्यास बहिरेपणा, मेंदूजन्य पक्षाघात किंवा अवटू ग्रंथीची जन्मजात न्यूनता ह्यांवरील उपचारांचा मोलाचा काळ हातचा निघून जातो.

पूर्वपीठिका : बालकाच्या वयाशी त्याच्या क्षमतांची सांगड घालण्याची दृष्टी जुनी आहे. गृह्यसूत्रे व पुढील धर्मनिबंध ह्यांत बाळाला प्रथम घराबाहेर नेण्याचा निष्क्रमण संस्कार चौथ्या महिन्यात, त्याला प्रथम भूमीवर बसविण्याचा भूम्युपवेशन विधी पाचव्या महिन्यात, अन्नप्राशन सहाव्या महिन्यात आणि चूडाकर्म पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेतही सहाव्या महिन्यात बालकास हलके व हितकर अन्न देण्याविषयी निर्देश आहे. मराठी घरांतील उष्टावण व जावळ हे ह्याच परंपरेतील विधी होत. मूल आधाराने बसू लागते आणि घास गिळू शकते तो काळ व उष्टावणाचा काळ ह्यांचा मेळ केवळ योगायोगाचा नसावा. आधुनिक आहारशास्त्रही पूरक अन्नाची सुरुवात सहा महिने पूर्ण झाल्यावरच करावयास सांगते. तथापि संस्काराचा दिवस महिना मोजून व मुहूर्त पाहून ठरतो, मुलाला प्रत्यक्ष काय येते ह्यावरून ठरत नाही. एखादे मूल सहाव्या महिन्यात बसत नसले, तरी त्याचे उष्टावण होतेच. निरीक्षणाचे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असे. ‘मान धरली’, ‘पालथा पडू लागला’, ‘पाऊल फुटले’ ह्यांसारखे मराठीतील नेमके शब्दप्रयोग त्या निरीक्षणाची साक्ष देतात. मात्र त्याची लेखी नोंद झाली नाही.

पालकांच्या दैनंदिन्या : बालकाच्या वाढीची दीर्घकाळ ठेवलेली जुनी लेखी नोंद म्हणून फ्रान्सचा राजा तेरावा लुई (जन्म १६०१) ह्याच्या बालपणाची, त्याचा वैद्य झां एरोआर ह्याने ठेवलेली दैनंदिनी प्रसिद्ध आहे. तिच्यात राजपुत्राचे दात, आहार, झोप व बोल ह्यांचे तपशील मिळतात. पण एरोआरला वारसाच्या प्रकृतीची चिंता होती, बालस्वभावाचे शास्त्र रचावयाचे नव्हते. तो हेतू जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडमान (१७४८–१८०३) ह्याच्या लेखनात प्रथम स्पष्ट दिसतो. १७८१ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची सुमारे अडीच वर्षे केलेली निरीक्षणे त्याने १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. इतर मुलांच्याही अशा नोंदी झाल्यावाचून एका मुलावरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही, ही मर्यादा ह्या आरंभीच्या प्रयत्नातच स्पष्ट होती. पुढे जवळजवळ शतकभर ह्या प्रयत्नाची फारशी दखल घेतली गेली नाही.

१८७६ मध्ये इपॉलित तेन ह्या फ्रेंच विचारवंताने आपल्या मुलीच्या भाषाग्रहणावर लेख लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८७७ मध्ये माइंड ह्या नियतकालिकात वाचून चार्ल्स डार्विन (१८०९–८२) ह्याने सदतीस वर्षांपूर्वीची आपली टिपणवही बाहेर काढली आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात एका अर्भकाचे चरित्ररेखाटन प्रसिद्ध केले. डिसेंबर १८३९ मध्ये जन्मलेल्या पहिल्या मुलाच्या, विल्यमच्या, ह्या नोंदी आहेत. पहिल्या सात दिवसांत शिंकणे, उचकी, जांभई, आळोखेपिळोखे, चोखणे व रडणे ह्या प्रतिक्षिप्त क्रिया उत्तम होत होत्या. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा तुकडा लावताच त्याने पाय झटकन मागे घेतला. पंचेचाळिसाव्या दिवशी तो खरेखुरे हसला, असे डार्विन नोंदवितो. दुसरे एक अपत्य शेहेचाळिसाव्या दिवशी हसले, हेही तो जाताजाता सांगतो. विकासाच्या दोन नोंदींची अशी शेजारी शेजारी ठेवलेली तुलना त्या काळी दुर्मिळच होती. बरोबर एक वर्षाचा झाला असता ह्या मुलाने अन्नासाठी ‘मम्’ हा स्वतःचा शब्द घडविला. मराठी घरात वाढलेल्या वाचकास तो ओळखीचा वाटेल. कारण आपल्याकडील ‘मंमं’ त्याच्या अगदी जवळचा आहे. दोन ओठ मिटून काढावयाचा अनुनासिक ध्वनी तान्ह्या मुलाला सर्वांत सोपा, हेच बहुधा ह्या साम्याचे कारण होय. मोठी माणसे मुलांशी बोलताना वापरतात त्या मराठी बालबोलीचा शास्त्रीय अभ्यास अशोक केळकर ह्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला.

डार्विन व एमा ह्यांना १८३९ ते १८५६ ह्या काळात दहा अपत्ये झाली. प्रसिद्ध लेख मात्र मुख्यतः पहिल्याच मुलाविषयी आहे, इतर भावंडे तुलनेपुरती डोकावतात. ही गोष्ट केवळ डार्विनपुरती नाही. घरात पहिले मूल असताना आईबापांजवळ कुतूहल व सवड दोन्ही असतात. पुढील मुलांच्या वेळी दोन्ही आटतात. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ व्हेर्नर लेओपोल्ट ह्याने इंग्रजी व जर्मन ऐकत वाढणाऱ्या आपल्या थोरल्या मुलीच्या भाषेवर १९३९ ते १९४९ ह्या काळात चार खंड लिहिले. धाकटीच्या वाट्याला त्यांत फारच थोडी पाने आली. ह्या प्रवृत्तीला क्लारा व व्हिल्यम श्टेर्न हे जर्मन दांपत्य ठळक अपवाद होते. १९००, १९०२ व १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या तिन्ही मुलांच्या दैनंदिन्या त्यांनी १९१८ पर्यंत चालू ठेवल्या. त्यांतील बरेचसे लेखन क्लाराचे आहे.

जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक व्हिल्हेल्म प्रायर (१८४१–९७) ह्याने ह्या पद्धतीला शिस्त आणली. आपल्या मुलाचे पहिली तीन वर्षे रोज निदान तीन वेळा, ठराविक रीतीने निरीक्षण करून त्याने १८८२ मध्ये मुलाच्या मनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बालमानसशास्त्राच्या स्वतंत्र अभ्यासाची सुरुवात बहुधा ह्या ग्रंथापासून मानतात. अमेरिकेत मिलिसंट शिन (१८५८–१९४०) हिने आपल्या भाचीची निरीक्षणे अशाच काटेकोरपणे लिहून काढली आणि १८९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला. त्यानंतर घरच्या जबाबदाऱ्यांमुळे तिने संशोधन सोडले. बालविकासाच्या इतिहासात आयांनी व आत्या-मावश्यांनी टिपलेले पुष्कळ आहे. त्यांच्या नावावर मात्र फार थोडे जमा आहे.

गेझेल आणि प्रमाणके : एका मुलाच्या चरित्रापासून अनेक मुलांच्या तक्त्यापर्यंतची वाटचाल विसाव्या शतकात झाली. आल्फ्रेद बीने व तेओदॉर सीमाँ ह्यांनी १९०५ मध्ये आणि सुधारून १९०८ मध्ये बुद्धिमापनासाठी वयानुसार प्रश्न रचले. बहुसंख्य मुले एखादी गोष्ट ज्या वयात करू शकतात, ते त्या गोष्टीचे वय, ही कल्पना त्यांतून रूढ झाली. मात्र त्यांच्या कसोट्या बोलू शकणाऱ्या मुलांसाठी होत्या. तान्ह्या मुलांसाठी हे काम येल विद्यापीठातील आर्नल्ड गेझेल (१८८०–१९६१) ह्याने केले. १९११ मध्ये त्याने न्यू हेवन येथे बालकांचे चिकित्सालय सुरू केले, प्राध्यापकी करीत असतानाच वैद्यकाची पदवी मिळविली (१९१५) आणि १९२५ मध्ये शाळापूर्व वयातील मानसिक वाढीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे त्याने एक घुमटाकार निरीक्षणगृह बांधविले. बाहेरून आत पाहता येई, पण आतील मुलाला बाहेरची माणसे दिसत नसत. आत चित्रपट-कॅमेरे बसविलेले होते. एकाच मुलाला ठराविक आठवड्यांनी आणून त्याच्यापुढे तोच ठोकळा, तीच घंटा, तीच साखरेची गोळी ठेवावयाची आणि चित्रफितीतील एकेक चित्र थांबवून पाहावयाचे, अशी ही पद्धत होती. गोळी प्रथम पंजाने ओढली जाते आणि काही महिन्यांनी अंगठा व तर्जनी ह्यांच्या चिमटीत धरली जाते, हा सूक्ष्म क्रम त्यातूनच प्रत्ययास आला. कारक (हालचालींचे), अनुकूलनात्मक, भाषिक आणि वैयक्तिक-सामाजिक ही वर्तनाची चार क्षेत्रे त्याने मांडली; ४, १६, २८ व ४० आठवडे आणि १२, १८, २४ व ३६ महिने ही वये तपासणीसाठी प्रमुख मानली. आज कोणत्याही बालरुग्णालयातील विकासतक्ता उघडला, तर त्यात गेझेलची ही विभागणी थोड्याफार फरकाने दिसते.

हा विकास आतूनच, मज्जासंस्थेच्या परिपक्वनाने घडतो, असे गेझेलचे ठाम मत होते. १९२९ मध्ये त्याने हेलन टॉम्पसन हिच्यासह एकरूप जुळ्या मुलींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एकीला सेहेचाळिसाव्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज जिना चढण्याचा सराव देण्यात आला. दुसरी त्रेपन्नाव्या आठवड्यात, कोणताही सराव नसताना, जिना चढून गेली आणि केवळ दोन आठवड्यांच्या सरावाने बहिणीच्या जवळपास आली. घाई करून उपयोग नाही, हा त्यातील बोध पालकांना दिलासा देणारा होता. तथापि दोन मुली, एक जिना व थोडे आठवडे एवढ्यावर विकासाच्या सर्व क्षेत्रांविषयी निष्कर्ष काढणे फारसे सयुक्तिक नव्हते.

त्याहून गंभीर अडचण नमुन्याची होती. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गेझेलच्या प्रमुख प्रमाणक-अभ्यासातील १०७ बालके मध्यमवर्गीय, अमेरिकेतच जन्मलेल्या व उत्तर यूरोपीय वंशाच्या आईबापांची होती. नमुना एकजिनसी असावा, म्हणून ती मुद्दामच तशी निवडली होती. वाढीचा क्रम शोधण्यापुरते ते समर्थनीय होते. परंतु त्यांवरून निघालेली वये पुस्तकांतून, वैद्यकीय पाठ्यक्रमांतून व मातांसाठीच्या पत्रकांतून जगभर पसरली आणि न्यू हेवनमधील शे-सव्वाशे मुलांची सरासरी मानवजातीचा नियम म्हणून वापरली जाऊ लागली. विकासाच्या तपासणीचा उपयोग दत्तक देण्यापूर्वी अर्भकांची पारख करण्यासाठीही होत असे. म्हणजे आठवड्यांच्या ह्या हिशेबावर एखाद्या मुलाला घर मिळणे वा न मिळणेही अवलंबून राही.

नॅन्सी बेली (१८९९–१९९४) हिचे काम ह्या दृष्टीने अधिक सावध होते. बर्कली येथे १९२८ पासून त्याच मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून तिने दाखवून दिले, की पहिल्या वर्षातील गुणांवरून पुढील बुद्धीचे भाकीत करता येत नाही. लवकर चालणारे मूल हुशार निघते, ही लोकप्रिय समजूत त्यामुळे निराधार ठरली. तिच्या मापनश्रेणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या सुधारित आवृत्त्या १९९३, २००६ व २०१९ मध्ये निघाल्या. १९६७ मध्ये विल्यम फ्रँकनबर्ग व जोसाय डॉड्स ह्यांनी डेन्व्हर येथील १,०३६ मुलांवरून तयार केलेल्या चाळणी-चाचणीत एक साधी पण महत्त्वाची सुधारणा होती. प्रत्येक कौशल्यापुढे एकच वय लिहिण्याऐवजी एक आडवी पट्टी काढलेली असे; २५, ५०, ७५ व ९० टक्के मुलांना ते कौशल्य कोणत्या वयात येते, हे तिच्यावर दाखविलेले असे. सरासरी व मर्यादा ह्यांतील भेद त्यामुळे डोळ्यांना दिसू लागला. इंग्लंडमध्ये शेफील्डचे रॉनल्ड इलिंगवर्थ (१९०९–९०) ह्यांनी ह्याच सुमारास असे प्रतिपादन केले, की बसणे-चालणे ह्यांच्या तारखांपेक्षा मुलाची सावधता, त्याचे कुतूहल व भोवतालाकडे असलेले लक्ष ह्यांना अधिक महत्त्व द्यावे.

परिस्थितीचा प्रभाव : परिपक्वनाचा सिद्धांत जसजसा निरनिराळ्या समाजांत पडताळला गेला, तसतसे चित्र गुंतागुंतीचे झाले. अमेरिकेतील होपी जमातीत तान्ही मुले पाळणा-फळीला बांधून ठेवीत. तरीही ती इतरांइतक्याच वयात चालू लागतात, असे वेन डेनिस व मार्सेना डेनिस ह्यांना १९४० मध्ये आढळले. हा गेझेलच्या बाजूचा पुरावा होता. पण वीस वर्षांनी त्याच वेन डेनिस ह्याने तेहरानमधील अनाथालयांविषयी दिलेली माहिती नेमकी उलट होती. जेथे मुले दिवसभर पाठीवर पडून असत व त्यांना क्वचितच कोणी उचलून घेई, तेथे दुसऱ्या वर्षातही निम्म्याहून कमी मुले स्वतः बसू शकत आणि चौथ्या वर्षातील बहुसंख्य मुलांना चालता येत नव्हते. फळीला बांधलेले होपी मूल दिवसातील काही काळ मोकळे असे आणि सदैव माणसांत असे, हा दोहोंतील फरक ध्यानात घ्यावयास हवा.

केन्यातील किप्सिगिस समाजात चार्ल्स सुपर ह्यास १९७६ मध्ये असे दिसले, की तेथील मुले अमेरिकन मुलांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसतात व चालतात, रांगण्यात मात्र ती पुढे नसतात. ह्याचे कारण सरळ होते. बसणे व चालणे तेथे घरचे लोक मुद्दाम शिकवीत, रांगणे शिकवीत नसत. १९८४ मध्ये एस्थर थेलन व तिच्या सहकाऱ्यांनी आणखी एक कोडे सोडविले. नवजात मुलाला उभे धरले, तर ते पावले टाकल्यासारखे करते. सुमारे दोन महिन्यांनी ही क्रिया नाहीशी होते. मेंदूच्या परिपक्वनामुळे ती दबते, असे तोवर मानीत. थेलनने अशा मुलांचे पाय कोमट पाण्यात बुडवून त्यांचे वजन हलके केले, तेव्हा पावले पुन्हा पडू लागली. स्नायूंच्या बळापेक्षा मांड्यांवरील चरबी झपाट्याने वाढल्याने पाय जड झाले होते, एवढेच. विकासाचा प्रत्येक टप्पा मेंदू, शरीराचे वजन, घरातील रीत व हाताशी असलेली साधने ह्यांच्या मेळातून घडतो, हा विचार ह्या प्रयोगांनी दृढ केला. साधनांविषयी एक खुलासा येथे अस्थानी होणार नाही. आपल्याकडील लाकडी पांगुळगाडा ढकलताना मूल आपला भार आपल्याच पायांवर तोलते. आसन लावलेल्या चाकांच्या वॉकरमध्ये ते नुसते लोंबकळते आणि पायऱ्यांवरून गडगडण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये ह्या दुसऱ्या प्रकारावर बंदी घातली. दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

ह्या सर्व विचारमंथनानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांत वाढीचा अभ्यास केला. त्यांपैकी ब्राझील वगळून पाच देशांत ८१६ मुलांच्या सहा स्थूल हालचालींची नोंद झाली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थितीतील कुटुंबांतील होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वयाऐवजी ‘गवाक्षे’ दिली आहेत : आधाराशिवाय बसणे ३·८ ते ९·२ महिने, हात व गुडघे टेकून रांगणे ५·२ ते १३·५, स्वतंत्र उभे राहणे ६·९ ते १६·९ आणि स्वतंत्र चालणे ८·२ ते १७·६ महिने. म्हणजे आठव्या महिन्याच्या सुमारास चालणारे मूल व सतरा महिने पूर्ण झाल्यावर चालणारे मूल, दोन्ही ह्या हिशेबाने निरोगी होत. ४·३ टक्के मुले ह्या प्रकारे कधी रांगलीच नाहीत. रांगले नाही म्हणून हवालदिल होणाऱ्या घरांना हा आकडा सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही २००२ नंतरच्या दोन दशकांत वापरात आलेल्या आपल्या याद्या २०२२ मध्ये सुधारल्या. पूर्वी त्यांत सरासरी वये असत. निम्मी मुले स्वभावतःच त्यांच्या मागे पडत आणि ‘थोडी वाट पाहू’ हा सल्ला डॉक्टरांच्या तोंडी बसला होता. नव्या याद्यांत किमान ७५ टक्के मुलांना जे येते तेच त्या वयासमोर ठेवले आणि रांगणे वगळले. भाषाविकासाचे काही निकष ह्यामुळे फार सैल झाले, अशी तक्रार वाचा-भाषा तज्ञांपैकी काहींनी केली. ती दुर्लक्षणीय नाही. बहिरे अर्भकही सुरुवातीस हुंकार देते. पण ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरांची माळ ऐकू येणाऱ्या मुलाकडून साधारणपणे दहाव्या महिन्यापर्यंत ऐकू येते, बहिऱ्या मुलाच्या बाबतीत ती लांबते. अशा ठिकाणी निकष सैल असणे महागात पडते.

वाढते कुटुंब : पाळण्यातील मूल एकटे नसते. घरात दुसरे मूल आले, की पहिल्याच्या विकासक्रमातही फरक पडतो. ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲड्लर (१८७०–१९३७) ह्याने थोरल्या मुलाच्या ह्या अनुभवाला पदच्युतीची उपमा दिली आणि त्याचे दुष्परिणाम रंगविले. प्रत्यक्ष घरी जाऊन केलेले निरीक्षण मात्र बरेच उशिरा झाले. जूडी डन व कॅरल केंड्रिक ह्यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथील चाळीस कुटुंबांत, धाकट्याच्या जन्माआधी व नंतर जाऊन केलेला अभ्यास १९८२ मध्ये ग्रंथरूपाने आला. शी-शूवरील आलेला ताबा सुटणे, पुन्हा बाटली मागणे, रात्री उठून रडणे ह्या तक्रारी अनेक घरांत आढळल्या. पण त्याच मुलांपैकी बरीच आता स्वतःच्या हाताने जेवण्याचा व स्वतः कपडे घालण्याचा हट्ट धरू लागली होती. म्हणजे एकाच आठवड्यात मूल एका बाबतीत मागे व दुसऱ्या बाबतीत पुढे जात होते. विकासतक्त्यावर अशा हालचालीसाठी रकाना नाही. गमावलेले कौशल्य काही आठवड्यांत परत येत असेल, तर ह्यात भिण्यासारखे काही नसते. मात्र बोलणे किंवा डोळ्याला डोळा देणे हे आलेले असून हळूहळू नाहीसे होत असेल, तर त्याचा दोष नव्या बाळाच्या आगमनाला देऊन गप्प बसणे योग्य नव्हे. ती तज्ञाकडे जाण्याची खूण होय.

धाकट्यांच्या बाबतीत पालक नेहमी थोरल्याशी तुलना करतात. शब्दसंग्रहात पहिले मूल किंचित आघाडीवर असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. आईचे सारे बोलणे त्याच्याशीच चालते, हे त्याचे उघड कारण. उलट, ‘मी’ व ‘तू’ ह्यांसारखी सर्वनामे, जी बोलणाऱ्यागणिक अर्थ बदलतात, ती धाकट्यांना लवकर साधतात. कारण आई व थोरले भावंड ह्यांचे आपापसांतील संभाषण त्यांच्या कानांवर सतत पडत असते.

भारतातील अभ्यास : आपल्याकडे वैद्यकीय व्यवहारात अनेक वर्षे गेझेलची वयेच प्रमाण मानली जात. भारतीय प्रमाणकांची निकड बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक ह्यांनी भागविली. बेलीच्या मापनश्रेणीच्या आधारे १ ते ३० महिने वयाच्या भारतीय बालकांच्या कारक व मानसिक वाढीचा त्यांनी केलेला अभ्यास १९७० च्या सुमारास पुढे आला. ‘बडोदे प्रमाणके’ ह्या नावाने तो ओळखला जातो. त्यावर उभारलेल्या भारतीय बालविकास-मापनश्रेणीची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये निघाली. १९९१ मध्ये त्रिवेंद्रम येथे ह्याच प्रमाणकांतून निवडलेल्या अवघ्या १७ कृतींचा तक्ता तयार करण्यात आला. पहिल्या दोन वर्षांसाठी असलेला हा तक्ता कागदावर पेन्सिल आडवी ठेवून काही मिनिटांत वाचता येतो. अंगणवाडी सेविकेच्या हाती देता येईल असे साधन म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ ह्या काळातील, जन्मतः दोन किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा पाठपुरावा थेट ती तरुण होईपर्यंत केला. भारतात असा दीर्घ पाठपुरावा विरळाच. अकाली जन्मलेल्या मुलाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापासून मोजावयाचे असते, ही गेझेलच्या काळापासूनची सूचना अशा मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावी लागते. तसे न केल्यास दोन महिने आधी जन्मलेल्या मुलावर सरळसरळ दोन महिन्यांच्या मागासलेपणाचा शिक्का बसतो.

तपासणीच्या ह्या प्रवाहाशेजारून शिक्षणाचा एक प्रवाह वाहत होता. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) ह्यांच्यासह ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्यांनी १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघ (१९१०–९२) ह्यांच्या सहकार्याने बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. तेथे त्यांना वाढत्या कुटुंबाचा प्रश्न पाश्चात्त्य ग्रंथांत नसलेल्या रूपात भेटला. आईबाप मजुरीला जात आणि सात-आठ वर्षांची थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबे. तिचे शिक्षण बुडे आणि धाकट्याचा विकास एका मुलीच्या कमरेवर, तिच्या बळाइतकाच होई. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात भरविणारी ‘विकासवाडी’ हे ह्या अडचणीवरील त्यांचे उत्तर होते. थोरलीला शाळेत आणावयाचे, तर धाकट्याला सांभाळणे भाग होते. मुले शाळेत येत नसतील, तर शाळा त्यांच्या अंगणात व गुरे चारण्याच्या कुरणात नेण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. प्रत्यक्षात तिचा भर दीर्घकाळ वजनकाट्यावर व पूरक आहारावर राहिला. अन्नाबरोबर खेळ व संवाद ह्यांची जोड आवश्यक असल्याचा पुरावा मात्र जमैकातील एका अभ्यासात मिळाला होता. तेथे सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर व सहकाऱ्यांनी खुंटलेल्या वाढीच्या १२९ मुलांचा अभ्यास केला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, पूरक आहार व आठवड्याला घरी येऊन आईसह घेतलेले खेळ ह्या दोहोंनीही विकास सुधारतो आणि दोन्ही एकत्र दिल्यास सर्वाधिक सुधारतो. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ कोसबाडपासून जवळच असलेल्या पालघर येथे झाला. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार व विकासातील विलंब ह्या चार गोष्टींसाठी मुलांची तपासणी हा त्याचा गाभा आहे. मार्च २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला. त्यात पालकांनी व अंगणवाडी सेविकांनी महिन्यागणिक मुलांशी करावयाच्या खेळ-कृती दिल्या असून विकासात विलंब असलेल्या मुलांचाही त्यात विचार केलेला आहे.